सोडलेल्या तुकड्यातल्या डोमकळ्या

आर्णीजवळचा तांडा,
शनिवार

प्रिय संगू,

तू फोनवर विचारलं, याडी, मी एमएस्सीवर थांबू का डॉक्टरेट पुरी करू, अन् मी म्हटलं, तुले पटन ते कर. खोटं बोलली व मी. सोमवारी तू त्या एमएस्सी-डॉक्टरेटच्या जोड कोर्सातून निघायच्या कागदावर सही करणार, म्हणजे डॉक्टरेट सुटली ते सुटलीच. म्हणून ही सातवी शिकलेली तुही माय लिहायले बसली. फोनवर तोंड उघडलं का रडूच येते.

इकडं ठीक आहे. तुह्या बापूनं तूर काढली, आता गुडघे धरून बसले. आर्णीत एका कॉलेजात जीवशास्त्राची जागा निघाली, एमएस्सीवर चालते, असं तुह्या शाळेतल्या प्रभावती मॅडमनं सांगतलं. मले लय बरं वाटलं. दहावीनंतर तू होस्टेलात गेली ते गेलीच. आता पोरगी दर शनवारी घरी येईन, मी चुलीसमोर बसून तिले गरम भाकर वाढीन, एवढंच डोक्यात.

जूनात तू आपल्या वावराचे दोन तुकडे केले. एकात बोंडअळीले खाणारे तुहे मित्रकिडे सोडले, अन् दुसरा तसाच सोडून दिला, त्याले कोणीच हात लावायचा नाही म्हणाली. दोन्हीकडच्या डोमकळ्या, त्या मेल्या अळीनं पाकळ्या शिवून टाकलेली फुलं, दर सोमवारी मोजून वहीत लिहायचं काम माह्यावर सोपवलं. काय मिरवली मी तांड्यात! शेजारच्या मोतीबाईले तर दोनदा वही दाखवली. कापूस संपल्यावर तू आकडे मांडले, तर दोन्ही तुकडे सारखेच. तुहे गाईड सर म्हणाले, किड्यायचा काही फायदा दिसत नाही, एमएस्सी घे अन् मोकळी हो. तू रडत म्हणाली, माह्यात तेवढं डोकंच नाही.

संगू, सोडलेल्या तुकड्यात मोजणी झाली का मी त्या डोमकळ्या तोडायची, पदराच्या ओट्यात भरायची अन् बांधावर जाळायची. तीस वर्षं कापसात गेली माही. डोमकळी दिसली अन् तशीच ठेवून पुढं गेली, असं कधी झालंच नाही. पह्यल्यांदा हात आपोआप गेला, मंग तुह्या वावराले कोणी नावं ठेवू नये म्हणून ठरवूनच तोडल्या. वहीत एकही आकडा खोटा नाही. पण अळीच मी ठेवली नाही, तर तुह्या किड्यायचं काम दिसन कसं? तू रडली तवाच समजलं मले. तरी पंधरा दिवस गप्प राह्यली. कायले? त्या आर्णीच्या जागेपायी. तू घरी येशीन म्हणून. हात जोडते, सोमवारी सही करू नको. आजच ह्या पत्राचा फोटो तुह्या फोनवर पाठवते, तो सरायले दाखव, माहं नाव घे, लाजू नको. जूनात तुकडा पुन्हा सोडू, मोजायले तुही वहिनी बबिता जाईन, मी त्या वावरात पायच ठेवत नाही. मले शिव्या दे, वर्षभर बोलू नको, पण घरी येऊ नको.

तुले पाहायले जीव तुटते तरी असं लिहिणारी,
तुहीच
याडी