स्टेशनजवळचे घर आणि निळी झळक

मी वामन विनायक राजूरकर, बी.एस्सी., वय चव्वेचाळीस, धंदा घासलेटाची तपासणी, राहणार जालना स्टेशनजवळ, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. आज सकाळी थर्मामीटर बरोबर वाचला, याखेरीज तिचा पुरावा मजजवळ नाही. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेसाठी परवा हैदराबादेस निघतो आहे. डॉक्टर हसून बोलले. पण सगळे लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

कलम १. आधी धंदा सांगतो, कारण तो घरच्यांनाही नीट कळलेला नाही. स्टेशनावर उतरलेल्या घासलेटाचा नमुना माझ्याकडे येतो. तो पितळी भांड्यात झाकून मी हळूहळू तापवतो आणि झाकणाची फट उघडून लहानशी ज्योत आत दाखवतो. तेल पेटत नाही. त्यावर साचलेली वाफ कुठल्यातरी अंशाला निळी झळकते आणि लगेच विझते. तो अंश ठरलेल्याहून खाली आला, तर असले तेल कोणाच्यातरी स्वयंपाकघरात भडकायचे. म्हणून माल अडवायचा. झळक दिसावी म्हणून खोलीत अंधार, ज्योत हलू नये म्हणून दारे बंद. बाहेरून कापसाच्या गाड्या जातात, त्यांच्या चाकांचा आवाज झोपेत ऐकल्यासारखा येतो, आणि मी त्या रंगाची वाट पाहत असतो. तसा निळा मी आणखी एकाच ठिकाणी पाहिला: स्वप्नात, राजूरच्या वाटेवरच्या फुललेल्या जवसावर. जागेपणी ते शेत मला कधी सापडले नाही.

कलम २. यंत्र पत्नी सौ. रमाबाई हिचे. विकावे की ठेवावे, ते तिने ठरवावे. उन्हाळ्यात तेल आधी गार करावे लागते, त्यासाठी भुशात घातलेला बर्फ रेल्वेने येतो. त्यातला बराचसा पन्ह्यात जातो, हे मला ठाऊक नाही असे तिने खुशाल समजावे. नव्या संसारात ती झळक पाहायला आली. झळक दिसताच तिने हात जोडले, पदराच्या वाऱ्याने ज्योत विझली आणि नमुना वाया गेला. मी चिडलो. ती म्हणाली, "दिवा लागला की हात आपोआप जोडले जातात. तुमच्या कॉलेजात हात बांधून ठेवत होते का?" पुढच्या नमुन्याला ती आधीपासूनच हात जोडून बसली. मग केव्हातरी माझेही हात जुळू लागले. हे शास्त्रात बसते का, हा प्रश्न रोजनिशीत अनेकदा लिहून मी तसाच सोडला आहे. रोजनिशीच्या वह्याही तिच्याच. जाळायच्या झाल्यास तेलाच्या खोलीत जाळू नयेत.

कलम ३. तेलाचे व्यापारी रामकिसन यांचा माल मी अडवला, तेव्हापासून ते मला बाजारात "घासलेटभट" म्हणतात. त्यांच्यावरचा माझा राग इथेच संपला असे धरावे. वारसांनी तो पुढे चालवू नये. त्यांच्या दुकानातून तेल मात्र आणू नये.

कलम ४. सरोजिनी ही माझा धाकटा भाऊ गिरिधर याची मुलगी. तिची आई गेल्यापासून ती आमच्याकडे वाढली. यंदा मॅट्रिकला बसते आहे, आणि पुढे तिला कॉलेजात रसायनशास्त्र शिकायचे आहे. गिरिधर अंबडला असतो. परवा तो आला होता.

"दादा, भोकरदनचे सोयरे लग्नासाठी किती थांबतील? पोरगी सतरा वर्षांची झाली."

"तिला शिकू दे."

"तू बी शिकलास की! मंग काय करून राह्यलास? अंधारात बसून घासलेट तापवून राह्यलास."

सरोजिनी पाणी घेऊन आली होती. म्हणाली, "बाबा, मला अंधारात नाही बसायचं. मोठ्या प्रयोगशाळेला खिडक्या असतात."

मला हसू आले आणि ते बोलणे मनाला लागलेही. मग शंका आली, की ही इच्छा तिची की माझी? तिला एकटीला विचारले, "माझ्यासाठी तर म्हणत नाहीस ना?"

"काका, तुमच्यासाठी असतं तर तुमचं यंत्र मागितलं असतं."

म्हणून, माझ्या कमाईने बांधलेले हे घर सरोजिनीचे. रमाबाईने हयातभर त्यात राहावे, पुढील दोन खोल्या भाड्याने देऊन त्यातून कॉलेजचा खर्च चालवावा.

पण वकील काकासाहेब म्हणाले, की मुलीचा पालक बाप. त्याने उद्या तिचे लग्न लावले तर हा कागद ते अडवू शकत नाही. म्हणून मी आधी लिहिले होते, की गिरिधरने तिला शिकू दिल्यास निम्मे घर त्याचे. वाचून पाहिले आणि लाज वाटली. भावाला मी त्याच्याच मुलीसाठी लाच देत होतो. त्या ओळी खोडल्या असून शेजारी सही केली आहे.

आता गिरिधरला या घरातले काहीही नाही. त्याची या घरावर आशा होती, हे मला माहीत आहे. वकिलांच्या मते ज्याला हिस्सा नाही त्यानेच साक्षीदार व्हावे. म्हणून दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी त्याच्यासाठी ठेवली आहे. त्याने सही केली, तर घरावरची आशा सोडून मुलीच्या शिक्षणाला चारचौघांत होकार दिला, असा मी अर्थ घेईन. न केली, तर दुसरा कोणी करील आणि मृत्युपत्र कायम राहील. सरोजिनी मात्र भोकरदनला जाईल. मी त्याला आग्रह करणार नाही. कागद वाचून दाखवीन आणि दौत पुढे ठेवीन.

मुक्काम जालना, ता. १८ डिसेंबर १९३७, माहे बहमन, सन १३४७ फसली.

सही: वामन विनायक राजूरकर

साक्षीदार पहिला: बद्रीनाथ, तारमास्तर, जालना स्टेशन. मजसमक्ष सही झाली.

साक्षीदार दुसरा: गिरिधर विनायक राजूरकर, अंबड. दादानं सगळं वाचून दाखवलं. मला काही दिलं न्हाई, हे बराबर लिहिलंय. भोकरदनला आजच नकार कळवतो. कॉलेजची फी मी भरणार न्हाई. दादानं जल्दी बरं होऊन यावं अन् सोता भरावी.