उंबऱ्यावरचं माप

शेतातून, ता. घाटंजी
२६ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
गोपालचा दंडवत, वि. वि.

गेल्या गुरुवारी सकाळी, अंघोळीच्या आधी, मी तू पाठवलेला कलप लावला. गोठ्याच्या टिनाला आरसा टांगला, बैलांकडे पाठ केली आणि डोकं-मिशी काळी केली. घटकाभरात कपाळ भाजल्यासारखं झालं आणि पापण्या सुजल्या. सोबतीला यायला जफर मोटारसायकल घेऊन आला, तो मला पाहून खालीच बसला. म्हणाला, अबे, नवरदेव आहे का मधाचं पोळं झाडताना सापडलेला चोर? तरी तुझ्या शब्दाखातर पोरगी पाहायला निघालो. तुझा फोन लागत नाही. भाऊजींना केला तर ते म्हणाले, पडून फुटला. म्हणून सगळं पत्रातच लिहितो.

ते घर केळापूरच्या पुढं आहे. पोरीला आईबाप नाहीत, मामाकडे वाढलेली. मध्यस्थानं तुला पस्तिशीची सांगितली होती ना? पोहे मामीनंच आणले. पोरगी बाहेर येईना, तेव्हा मामा आत गेला. आतून फटफट आवाज आला, मला वाटलं, कोणी सतरंजी झटकून राह्यलं. मग ती ओरडली. आमच्या हातात पोह्यांच्या बशा तशाच. मामी म्हणाली की घ्या ना तुम्ही, पोरगी जरा लाजाळू आहे.

ताई, पाहायला आलेल्या माणसानं माजघरात पाय टाकायचा नसतो, हे मला कळतं. मी टाकला. धान्याच्या कोठीमागं ती उकिडवी बसली होती. तुझ्या लेकीएवढी, आपल्या सुरभीएवढी. ओठ फाटलेला, नव्या साडीवर रक्त. मामानं पट्टा पुन्हा उचलला तो मी मधेच धरला. बक्कल तळहातात रुतलं. तो ओरडला की लग्नाच्या आधीच हक्क दाखवते का बुढ्ढ्या, आणि मला धक्के देत आंगणात आणलं. तिथं बैलगाडीच्या उभारीचा दांडका उपसून त्यानं घातला. पहिल्या तडाख्यात डावा हात गेला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दुसरा डोक्यात बसला. कलप आणि रक्त मिळून डोळ्यांत उतरलं. जफरनं गॅरेजच्या पिशवीतला मोठा पाना काढून त्याच्या गुडघ्यावर हाणला, तेव्हा तो थांबला.

पोरीला मधे बसवून आम्ही ठाण्यात गेलो. शिपायानं विचारलं की तुम्ही हिचे कोण? तो मला वरखाली पाहत होता. काळ्या मिशा, फुटलेलं डोकं, सुजलेले डोळे. पोरगीच म्हणाली की काका आहेत. तिचं नाव अर्पिता. मामाला पोलिसांनी धरलं. आता ती यवतमाळला मुलींच्या वसतिगृहात आहे.

हात गळ्यात बांधला आहे. जफर रोज संध्याकाळी डबा आणतो, त्याच्या घरच्या शमसुन्निसा वहिनी करून देतात. मी आता कोणाच्या घरी पोरगी पाहायला जाणार नाही. रागावू नकोस.

लोभ होता तसाच ठेव.
तुझा
गोपाल


नेर
४ डिसेंबर २०२४

चि. गोपालले,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुले पोरगी पाहाले पाठवलं होतं, लढाईवर नाही. पत्र वाचून मी आधी रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. शाळेत गुरुजी मारत तवा बाकाखाली लपणारा तूच ना? मग हे शौर्य कुठून आलं? पोरीले वाचवलं हे चांगलं केलं. पण आता साऱ्या तालुक्यात बोभाटा झाला असन की हा माणूस पोहे खाता खाता मारामारी करते. कोण देईल तुले पोरगी?

तरी मी हात टेकले नाहीत. इथं नेरलेच एक बाई आहे, चाळिशीची, नवरा वारलेला. तुह्यासारखीच घुमी. दोघं मिळून दिवसभर काहीच बोलणार नाही, भांडण तरी होणार नाही. संक्रांतीनंतर ये.

आईचे शब्द इसरला का तू? घर बांधून झालं अन् ती अंथरुणाले लागली. जाताना किल्ली तुह्या हातात देल्ली अन् म्हणाली, पहिलं पाऊल सुनेचं पडू दे, तिनं उंबऱ्यावरचं माप लवंडावं, मग तू जा. तवापासून पक्कं घर कुलपात अन् तू टिनाखाली बैलांसंग. लोकं मले विचारतात, तुह्या भावानं घर कोणासाठी बांधलं, पालींसाठी? एकट्या माणसाचं घर म्हणजे गोदाम रे. बाईशिवाय घराले घरपण येत नाही.

अक्षर वाकडंतिकडं दिसन. मोरीत घसरली, उजवं मनगट मुरगळलं. पुढचं पत्र बाजूच्या बसंतीबाईच्या पत्त्यावर टाक, घरी नको. कायले ते विचारू नको.

हाताची काळजी घे. जीव आहे तुह्यावर, म्हणून बोलते.
तुही
ताई


शेतातून, ता. घाटंजी
२३ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
गोपालचा दंडवत, वि. वि.

जफरच्या घरून कोणी काही कळवलं असेल तर घाबरू नकोस. मी जिवंत आहे. डाव्या बाजूचे पुढचे दात गेले, बरगडी तडकली आहे. बसायला त्रास होतो, म्हणून ओट्यावर कागद ठेवून उभ्यानं लिहितो.

अर्पिताचा मामा जामिनावर सुटला आणि गेल्या मंगळवारी दिवस बुडायच्या आत शेतावर आला. बरोबर दोघं. एकाच्या हाती कुऱ्हाड, दुसऱ्याच्या हाती पेट्रोलची बाटली. आधी वेचून ठेवलेला कापूस पेटवला. कापूस पेटतो तो आवाज न करता, ताई. मग टिनाच्या गोठ्याला लावलं. मी एका हातानं विळा घेऊन दोरखंड कापायला धावलो. ढवळ्याचा कापला. पवळ्याच्या दाव्याला जाड गाठ होती, एका हातानं कापेना. तो टिनाला शिंगं मारत राहिला. त्याचं ओरडणं मी लिहू शकत नाही.

तिघं माझ्यावर आले, तेव्हा मी पळत नव्या घराच्या ओट्यावर चढलो आणि दाराला पाठ लावली. त्यांनी मला तिथंच मारलं. लाथा, काठी, तोंडावर बुक्क्या. मामा म्हणत होता की पोरीचं घर बसवलं असतं मी, तुह्या बापाची कोण होती ती? प्रत्येक तडाख्याला माझं डोकं दारावर आपटत होतं आणि आतून रिकाम्या घराचा घुमल्यासारखा आवाज येत होता. किल्ली कमरेला, करदोड्यात होती. आत जाऊन कडी लावली असती तर वाचलो असतो. माझा हात कमरेकडे गेलासुद्धा नाही.

जफर डबा घेऊन येतच होता. त्यानं मोटारसायकल सरळ त्यांच्यात घातली. कुऱ्हाडीचं पातं त्याच्या खांद्यावरून घसरलं, कातडी लोंबायला लागली, तरी त्यानं एकाला धरून ठेवलं. गाव जमा झाल्यावर बाकीचे दोघंही सापडले. आता तिघं आत आहेत.

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर त्याला टाके घालत होते आणि तो मलाच शिव्या देत होता. म्हणाला, अबे ते घर आहे का देऊळ? देवळात निदान देव तरी असते. दार तुहं, किल्ली तुही, अन् मार खाल्ला बाहेर उभा राहून. शमसुन्निसा वहिनींनी त्याला दटावलं, माझ्या तोंडात चमच्यानं वरणाचं पाणी घातलं, आणि मग स्वतःच म्हणाल्या की भाईजान, ये बात तो सही है.

तेव्हापासून मी विचारच करतो आहे. शनिवारी मारोतीला रुईचा हार घालायला गेलो. कित्येक वर्षं घालतो. देव एकटाच उभा. त्याच्या देवळाला कोणी अर्धं देऊळ म्हणत नाही, की लग्न होईपर्यंत त्याला बाहेर उन्हात ठेवत नाही. बैलांना टिनाखाली ठेवलं तर मी वर पाचट टाकतो, त्यांना थंडी वाजू नये म्हणून. स्वतःवर कधी टाकलं नाही. मी त्या घराचा राखणदार झालो, आणि कोण्या न आलेल्या बाईसाठी राखत बसलो.

आईचा शब्द मोडायची हिंमत होत नाही. म्हणून तुला विचारतो. ती गेली, आता मोठी तूच. तू जा म्हटलंस तर जाईन.

आणखी एक. मोरीत घसरल्यावर मनगट मुरगळतं, हे खरं. पण पत्र शेजारणीच्या पत्त्यावर कशाला मागवतेस? नको विचारू म्हटलंस, तरी विचारतो.

तुझा
गोपाल


नेर
३ जानेवारी २०२५

चि. गोपालले,
ताईचे आशीर्वाद. दात गेले तरी आशीर्वादाले दात लागत नाहीत.

पवळ्यासाठी मी बसंतीबाईच्या ओसरीवर बसून रडली. घरी रडाले कारण सांगा लागते.

विचारलं तर ऐक. फोन पडून फुटला नाही. तुह्या भाऊजीनं आधी तो भिंतीवर आपटला, मग मले. मोरीत मी घसरली नाही. वरणात मीठ जास्त झालं म्हणून त्याईनं मनगट पिरगाळलं, अन् तोंडानं म्हणत होते की लिही आता भावाले. डाव्या कानानं मले ऐकू येत नाही, तांब्या फेकून मारला होता तवापासून. तू म्हणते ना, ताई मोठ्यानं बोलते. म्हणून बोलते.

मी बी माप ओलांडून आलती रे. बायांनी हौसेनं तांदूळ भरून ठेवले होते, मी उजव्या पायानं लवंडले, साऱ्या म्हणाल्या लक्ष्मी आली. मागच्या पोळ्याले त्याच उंबऱ्यावर माह्यं डोकं आपटलं त्याईनं. रक्त पुसाले मलेच पोतेरं आणा लागलं. लक्ष्मीच्या पावलानं येणाऱ्या बाईचं काय होते, ते मले विचार.

अन् तरी मी तुह्यासाठी बायको धुंडत होती, कलपाची पुडी पाठवत होती. काहून? मले वाटे, आपल्या आईच्या दोन लेकरांपैकी एकाच्या तरी घरचा संसार नीट व्हावा. तुह्या हट्टापायी नाही, माह्या हौसेपायी तू केळापूरले मार खाल्ला.

आईनं तसं काहून म्हटलं, हे मले माहीत आहे. मी उशाशी होती. तिले भेव होतं की ह्या पोराले जेवाले कोण वाढील, दुखलं खुपलं तर कोण बसन. आता तुले वरणाचं पाणी कोणी पाजलं? कुऱ्हाड कोणी खांद्यावर घेतली? तुले काका कोण म्हणाली? आई असती तर तिनं जफरच्या खांद्यावरून हात फिरवला असता अन् तुह्या पाठीत धपाटा घातला असता. आपल्याच घराच्या दारात पाहुण्यावाणी उभा राहाते.

नेरच्या त्या बाईले मी नाही म्हणून कळवलं. ती हसली. म्हणाली, बरं झालं, मलेबी भाऊ बळजबरीनं बसवत होता.

जाय आत. माप लवंड अन् जाय. माह्यासाठी थांबू नको. मी येते असं म्हणत नाही. सुरभीची परीक्षा आहे, अन् माह्यात अजून तेवढी ताकद नाही.

जीव लावून आहे, तसाच राहू दे.
तुही
ताई


नव्या घरातून, ता. घाटंजी
२५ जानेवारी २०२५, शनिवार

ती. ताईस,
गोपालचा दंडवत, वि. वि.

तुझं पत्र वाचून मी कुऱ्हाडीला धार लावली. खरं सांगतो, हरिपाठ म्हणणारा माणूस मी, पण धार लावताना तोंडात नाव देवाचं नव्हतं. ती पोत्यात गुंडाळून नेरच्या गाडीसाठी घाटंजीला स्टँडवर बसलो. भाऊजींना कुठं मारायचं, कोणता हात आधी तोडायचा, सगळं डोळ्यांसमोर होतं. मनानं मी त्यांना दोनदा मारलं.

जफरचं गॅरेज समोरच. तो आला आणि शेजारी बसला. अडवलं नाही. नुसतं म्हणाला की उद्या तू जेलात गेला तर ताई कोणाच्या घरी येईल? त्या कुलपात? गाडी आली, भरली, गेली. मी पोतं उचलून परत आलो.

आज सकाळी अंघोळ केली, मारोतीला हार घातला. केसांचा कलप उतरून मुळं पांढरी झाली आहेत, तशीच राहू दिली. जफर आणि वहिनी आले होते. अर्पिता वसतिगृहातून सुट्टी काढून आली. गावातल्या बाया कुंपणाशी उभ्या होत्या. एकीनं सुचवलं की पोरीकडून माप लवंडून घ्या, निदान बाईमाणसाचं पाऊल पडेल. अर्पिता म्हणाली की काका, मी तुमच्या मागून येते.

किल्ली फिरवली ती कुलपातच मोडली. इतक्या वर्षांचा गंज. त्या संध्याकाळीही कदाचित उघडलं नसतं. पण मी हात तरी कुठं लावला होता? मग मी पोत्यातली कुऱ्हाड काढली. चांगल्या हातानं घाव घालत गेलो. कुलूप, कोयंडा, चौकटीची ढलपी, सगळं उडालं. बरगडी दुखत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी भाऊजींचं नाव घेऊन घालत होतो, मामाचं नाव घेऊन घालत होतो, शेवटी शेवटी माझंच. दार आत जाऊन भिंतीवर आदळलं, तेव्हा बाया मागं सरल्या.

वहिनींनी उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलं. माझ्या पायाला भेगा आहेत, नख फुटलेलं आहे. त्याच उजव्या पायानं मी माप लवंडलं आणि आत गेलो. घर थंड होतं. कोणी कोणाला मारल्याचा एकही डाग भिंतीवर नाही. मी मधोमध बसलो आणि आईला सांगितलं की सून नाही आली, तुझा पोरगा आला.

रात्री इथंच झोपणार आहे. ढवळ्यासाठी मागं नवा गोठा बांधतो आहे. आतली खोली मोकळी ठेवली आहे, पण कोण्या न आलेल्या बाईसाठी नाही. तू ये असं मी म्हणत नाही, कधी येशील तेही विचारत नाही. एवढंच कळवतो की बाहेरून लावायला आता दाराला काही उरलं नाही. आतली कडी मात्र शाबूत आहे, आणि ती चांगली जाड आहे.

तुझा
गोपाल