माठाला कुलूप लावणाऱ्या मगनसाठी

मगन, तुला मीठ आणायला पाठवलं की तू बिडी घेऊन येतोस. म्हणून या वेळी तोंडी काही सांगत नाही. हा कागद आहे. विसरलास तर पुन्हा वाच.

लिहून ठेवणार मी, चमेलीबाई उखा कोळी, वय अंदाजे बहात्तर, धंदा शेती, राहणार सातपुड्याच्या पायथ्याला, तालुका चोपडा. मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि शेजारची मुमताज शिलाई मशीन थांबवून लिहिते. माझं डोकं शाबूत आहे, बिघाड पोटात आहे. अंडाशयाचा कॅन्सर, जळगावला केमो चालू, आणि पोटात पाणी साचतं. कोणाच्या दबावाखाली बोलत नाही. दबाव असलाच तर त्या पाण्याचा.

कलम १. घर आणि नाल्याकडची कोरडवाहू जमीन माझा मुलगा मगन आणि धुळ्याला दिलेली मुलगी सरिता यांना निम्मी निम्मी.

कलम २. पाण्याचा माठ मगनला मिळणार नाही. कारणही लिही, मुमताज. मार्चमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, मीठ कमी करा. मी आत तपासणीच्या खाटेवर, ऐकायला मगन एकटा. एस.टी. चोपड्याला पोचेपर्यंत तो मीठ विसरला आणि घरी येऊन स्वतःच्या अकलेने माठ आतल्या खोलीत कोंडला.

"माय, पोटमा पानीच पानी शे, आखो कसाले पेस?"

मी म्हटलं, "विहीरमा पानी शे म्हनीसन पाऊसले कुलूप लावशी का?"

पंधरा दिवस, या उन्हात, मला वाटीने पाणी! आणि तोंडाला चव यावी म्हणून वरून बिबडे, पापड, लोणचं. पोट ढोल झालं, पाय सुजून चपलेत जाईनात. डॉक्टर ओरडले, "पाणी कोणी बंद केलं? मी मीठ म्हणालो होतो," तेव्हा हा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. माठ मुमताजला.

कलम ३. परकराची नाडी पोटात रुतते, म्हणून मुमताजने बिननाडीचे तीन झगे शिवले. माप घेतलं नाही. म्हणाली, "अक्का, तुमचं माप रोज बदलतं." आडवं झालं की दम लागतो, म्हणून कापसाच्या तीन उशाही केल्या. हे सगळं धुऊन जळगावच्या वॉर्डात पोट फुगलेल्या बाईला द्यावं. मी जगले तरी नंतर द्यावं.

कलम ४. रोज वजन करायला सांगितलं होतं. घरात काटा नाही. गावात कापूस घेणाऱ्या सुपडूभाऊने मला कापसाच्या काट्यावर उभं केलं आणि म्हणाला, "अक्का, माल ओला शे, कट्टी लागी." कट्टी म्हणजे ओलाव्याचं वजन कापणं. इतक्या दिवसांत तेवढंच हसले. तांबडी कोंबडी सुपडूभाऊला.

कलम ५. येत्या गुरुवारी सुई घालून पोटातलं पाणी काढायचं ठरलं आहे. मगनने माझी फाइल लपवली आहे. म्हणतो, पाणी काढलं की माणूस जातो. मगन, तुझ्या बापाचं पाणी काढलं आणि तिसऱ्या दिवशी तो गेला, हे मलाही आठवतं. त्याआधी चार महिने आपण त्याला दवाखान्यात न नेता शेक देत बसलो, तेही आठवतं. ते तू सोयीने विसरलास. पाणी पुन्हा साचेल, डॉक्टरांनी मला सांगितलंय. पुन्हा काढू. मला दोन घास खायचेत, आडवं होऊन झोपायचंय. त्याला तुझी परवानगी लागत नाही. अंगठा माझा आहे, मी दिला आहे.

बुधवारी सरिता येईल. फाइल तिच्या हातात द्यावी. नाही दिली, तर कलम १ मधलं मगनचं नाव खोडावं. मुमताज म्हणते, मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत. लिही.

तू वाईट नाहीस, मगन. भित्रा आहेस. भीती वाटली तर वॉर्डाबाहेर बस, पण ये.

हे सर्व मला वाचून दाखवलं. दोनदा, कारण पहिल्यांदा मुमताजने शिव्या गाळल्या होत्या. आताही गाळल्याच आहेत, पण थकले.

चमेलीबाई उखा कोळी, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार: १) हेमांगी, गावची आशाताई २) योगराज, पोलीस पाटील. यांना वरच्यातलं काहीच मिळत नाही, म्हणून साक्षीदार.

मुक्काम चोपडा तालुका, सोमवार, ५ मे २०२५

ता.क. गुरुवारी दुपारी डबा पाठवावा. कळण्याची भाकरी अर्धी, वांग्याचं भरीत, मीठ नावापुरतं. पापड नको. डबा मगनने स्वतः आणावा, आणि सोबत पाण्याचा तांब्या. भरलेला.