किळसखाऊ

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

नोकरी लागली! तीही राक्षस बनवायची. यासाठी कोणी पगार देतं यावर आईचा अजून विश्वास बसत नाहीये. ठाण्याहून निघताना तिने पिशवीत दिवाळीचा उरलेला चिवडा, शंकरपाळे आणि डेटॉलची मोठी बाटली भरली. लेकीला ती चांगलीच ओळखते.

ऑफिस डोंबिवलीत, मानपाड्याला, राघोशेठच्या तीनमजली घराच्या तळमजल्यावर. शेठची इथे पूर्वी भातशेती होती, आता भाडेकरू आहेत. आम्ही 'सप्तपाताळ' नावाचा खेळ बनवतो. तीन-चार जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक वीर होतो. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो आणि राक्षसांच्या वतीने खेळतो. अडलं की फासे टाकायचे, बाकी सगळा मामला बोलण्याचा.

ऋतुराज आमचा बॉस. मुलाखतीत त्याने एकच प्रश्न विचारला होता, तुला सगळ्यात जास्त किळस कशाची येते? मी सिंकच्या जाळीत अडकलेल्या भातापासून सुरुवात केली. दुसऱ्याच्या कंगव्यावरून हॉटेलातल्या ओल्या फडक्यापर्यंत आले तेव्हा त्याने चहाचा कप बाजूला सारलेला. म्हणाला, तू येच.

राहायला दुसऱ्या मजल्यावर खोली आहे, सान्वीबरोबर. ती खेळाची चित्रं काढते. घर विठ्ठलवाडीला, पण कामाच्या दिवसांत इथेच असते. आल्या आल्या तिने माझ्यासाठी कप काढला, धुतला, हुंगला आणि परत धुतला. मी तिथेच तिच्या प्रेमात पडले. माझ्यासारखं माणूस जगात आहे तर!

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

काम वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. पहिल्या लेव्हलच्या वीराला उंदीरसुद्धा पुरतो. विसाव्या लेव्हलचे वीर म्हणजे डोक्याला ताप. डोंगर उचलतात, मेले तर पुढच्या डावात जिवंत होतात. राक्षसाला हजार हात दिले तरी खेळणारे मोबाईल बघत बसतात. ऋतुराजचं म्हणणं, त्यांचा जीव घेऊ नकोस, परत मिळणार नाही असं काहीतरी घे.

इथले दोन रिवाज. चाचणीच्या डावाला सगळे आपापल्या नावाने बसतात, कारण विसाव्या लेव्हलचा वीर रचण्यात अख्खा दिवस जातो. दुसरा तर ऋतुराजने भिंतीवरच रंगवून घेतलाय: टेबलावर बोललं ते झालं. मी असं म्हटलंच नव्हतं, हे चालणार नाही. तोंडातून गेलं की गेलं.

आमच्या खिडकीखाली, घराच्या मागे, गटाराचं चेंबर आहे. झाकण फुटलंय, त्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स टाकलाय. कारखान्यांकडून वारा आला की फ्लेक्स फुगतो, आणि जो काही वास येतो, शी! मी खिडकी कायमची बंद केली.

बुधवार, १३ नोव्हेंबर

झाला. नाव किळसखाऊ. घर, अर्थात, तेच चेंबर. दात नाहीत, नखं नाहीत. राखाडी, लिबलिबीत, अंगभर केसांचे गुंते, भाताची शितं आणि साबणाचा बुळबुळीत थर. तो वीराच्या चेहऱ्यावरून फक्त एक हात फिरवतो, ओला आणि कोमट. तेवढ्यात त्याची किळस शोषून घेतो. मग वीर स्वतःच्या पायांनी त्याच्यात चालत जातो आणि त्याला छान वाटतं. त्याला मारता येत नाही, कारण जवळ गेलेल्याला मारावंसंच वाटत नाही. स्वभावाने हावरट. जास्त किळस समोर आली की तोंडातली सोडून तिकडे वळतो.

ऋतुराजने पाठ थोपटली. आकडेमोड बघणारा मितेश मात्र म्हणाला, अगं, कालावधीचा रकाना रिकामा आहे. आमच्याकडे प्रत्येक माऱ्याची मुदत लिहावी लागते, एक डाव किंवा सूर्योदयापर्यंत, असं काहीतरी. मी म्हटलं, चाचणीनंतर भरते. खरं तर एवढं लिहून कधी एकदा हात धुते असं झालं होतं.

शनिवार, १६ नोव्हेंबर

दुपारी चाचणी झाली. सूत्रधार मी, वीर तिघे: ऋतुराज, मितेश, सान्वी. काय रंगला डाव! चेहऱ्यावरून हात फिरतो असं म्हटल्यावर मितेशने खरोखर डोळे मिटले. फासे तिघांच्याही विरुद्ध पडले. मग हसत हसत तिघांनी एकामागून एक सांगितलं, मी आत जातो, मी आत जातो, मी आत जाते. टाळ्या वाजल्या.

सान्वीने ओढणीने गाल पुसला. पंखा चालू होता, तरी.

सोमवार, १८ नोव्हेंबर

ऑफिसच्या फ्रिजमध्ये दिवाळीपासून बासुंदीचं पातेलं पडलंय. आज ऋतुराजने झाकण काढलं. वर गुलाबी लव आली होती, बोटभर. त्याने बोट फिरवून चाटलं. मितेशने वाटीच भरून घेतली. मला वाटलं माझी फिरकी घेतायत. नाही. मितेशच्या मिशीला ती लव लागली होती आणि तो आकडेमोड करत चघळत होता. मी बाथरूम गाठलं आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकले.

खोलीत येऊन सान्वीला सांगितलं. तिने विचारलं, संपवली का गं त्यांनी? मला ठेवली नाही?

सान्वीने! केळंसुद्धा धुऊन खाणाऱ्या सान्वीने!

बुधवार, २० नोव्हेंबर

लिहितानाही शहारा येतोय. सकाळी सान्वी सिंकशी वाकून उभी होती. वाटलं जाळी साफ करतेय. ती जाळी चाटत होती. त्यात माझे केस होते. मी ओरडले तर तिला कळेना की मी का ओरडतेय, उलट माझ्या डोक्यावरून हात फिरवायला आली, त्याच हाताने. डेटॉलची अर्धी बाटली संपवली मी.

खाली शेठच्या सुनेने, निशाने, मला जिन्यात गाठलं. तुमचा तो मितेश चेंबरजवळ बसून हसतो, त्याला डाक्टरला दाखवा, नाय तर जागा खाली करा, असं ती नाकाला पदर लावून म्हणाली. त्या पदराचा मला हेवा वाटला.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

मितेश गेला. चेंबरच्या कडेला त्याच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा. फ्लेक्स बाजूला सारलेला. शेठने माणसं बोलावली, त्यांनी बांबू घालून ढवळलं. कमरेइतकंच पाणी, आत कोणी नाही म्हणाले. पोलिसांनी मितेशचं वर्णन लिहून घेतलं.

मी वाकून पाहिलं. केस, शितं, साबण. माझा शब्दन् शब्द तिथे तरंगत होता.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

पळत टेबलापाशी गेले, रकाना भरला. सूर्योदयापर्यंत, असं लिहिलं आणि तीनदा मोठ्याने म्हटलं. सूर्य उगवला. सान्वीने उठून कचऱ्याच्या डब्यातली चहापत्ती खाल्ली.

ऋतुराजने हसून भिंतीकडे बोट दाखवलं. बोललं ते झालं, रसिका. मागचं पुसता येत नाही. त्याच्या दातांत काहीतरी वळवळत होतं—

सान्वीच्या घरी फोन केला, तिने तो माझ्या हातातून घेतला आणि गोड बोलली. मी मजेत आहे, आई. आवाज तिचाच. काय सांगणार मी त्यांना?

शनिवार, २३ नोव्हेंबर

तिला खोलीत कोंडलंय. दाराला पाठ लावून बसलेय. ती भांडत नाही, ते जास्त वाईट. सारखी खिडकीकडे जाते. म्हणते, मितेश बोलावतोय, तिथे काय ऊब आहे, तू पण चल ना गं.

उद्या-परवा कधीतरी माझा डोळा लागेल आणि मग दाराशी चपला—

नाही. सान्वीला जाऊ देणार नाही.

मागचं पुसता येत नाही, पण पुढचा डाव खेळता येतो. तो हावरट आहे, मीच लिहिलंय. जास्त किळस दिसली की तोंडातली सोडतो. आणि माझ्याइतकी किळस या अख्ख्या मानपाड्यात कोणाकडे आहे?

रविवार, २४ नोव्हेंबर

खेळले. ऋतुराज सूत्रधार. किळस म्हणजे काय ते त्याला आठवत नव्हतं, नियम मात्र आठवत होते. वीर: रसिका, माझ्याच नावाने. मी म्हटलं, मी किळसखाऊपुढे उभी राहते आणि सान्वीची सोडायला सांगते. मुदत लिहायला गेले तर त्याने पेन काढून घेतलं. मारा राक्षसाचा आहे, आणि राक्षसाचं सूत्रधार बोलतो.

फासे पडले.

हात कोमट होता. खरंच होता. माझ्या गालावर, ओठांवर— एक केस जिभेवर राहिला. शी. शी. शी. हे नीट लिहून ठेवते. अजून येतेय. अजून आहे माझ्याकडे.

सोमवार, २५ नोव्हेंबर

सान्वी सकाळपासून ओकतेय. ओकते, रडते, तोंडावर साबण घासते, परत ओकते. देवा! मी आनंदाने रडले. तिचे वडील घ्यायला आले. रिक्षात बसताना तिने सीटवर रुमाल अंथरला.

ऋतुराजच्या चपला चेंबरपाशी आहेत.

आईचा चिवडा खवट झालाय. घाण लागतो. लागतो ना? हो.

बुधवार, २७ नोव्हेंबर

डबा उघडा राहिला होता. चिवड्यात मुंग्या. वेचल्या नाहीत—

कुरकुरीत होत्या.

हे लिहिताना शहारा यायला हवा होता. वाट पाहिली.

गुरुवार

खिडकी उघडली. इतके दिवस का बंद ठेवली होती, आठवत नाही. जुनी पानं चाळून बघितली, त्यात कारण दिलंय, पण तसं काही—

शुक्रवार

सान्वी आली होती. मला घेऊन जायला, भावाला बरोबर घेऊन. दारातच थांबली. मी काय खातेय ते तिने विचारलं नाही, बघितलं. माझा हात लागला तशी किंचाळून मागे सरली आणि जिन्यात ओकली. मला बघून. म्हणजे तिची तिच्याकडे आहे. पक्की. चांगलं झालं.

रडत होती. भावाने ओढून खाली नेलं. परत येते म्हणाली, माणसं घेऊन. येईल, पण तोवर

फ्लेक्स बाजूला झालाय. मी नाही केला. मितेश हाक मारतोय, ऋतुराज पण. चपला जोडून ठेवल्या. वही मांडीवर आहे, थोडी भिजलीये. ऊब आहे खरी. सान्वी बरोबर म्हणत होती.

डेटॉलची बाटली तिच्यासाठी दाराशी ठेवलीये. अर्धी आहे. तिला आता ला—