पावसावर लावलेला चिमटा

१ डिसें., सोम.
जेवणाच्या सुट्टीत मोबाईल बघितला तर चऱ्होलीच्या निवासी शाळेचे मिस्ड कॉल. परत लावला तर म्हणे, तुमच्या बहिणीनं, पूजीनं, आज चिमटा पावसावर लावला, येऊन जा.
रोज सकाळी हाच खेळ तिथं. दोरीवर ऊन, ढग, पाऊस अशी चित्रं. पोरांनी आपल्या नावाचा कपड्याचा चिमटा, मनात जसं असेल त्या चित्राला लावायचा. पावसावर लावला की घरच्याला बोलावणं. आई वारली, आबा ऊसतोडीला, म्हणजे घरचा मीच.
हाफ डे टाकला, कंपनीतल्या विलासची गाडी मागितली, चाकण चौकात अडकलो. जाऊन बघतो तर पोरगी शेंगदाण्याचा लाडू खात फुगडी खेळतेय. पोट दुखतं? नाही. कुणी मारलं? नाही. मग? खांदे उडवले.
आमच्या गुरुजींनी कधी विचारलं नाही मनात काय आहे म्हणून. छडी होती, सगळ्यांच्या मनात तीच.

४ डिसें., गुरु.
सुट्टी. शाळेत गेलो तर वॉचमननं फाटकातच अडवलं. भेट फक्त रविवारी. अरे बाबा, आमच्याकडं कंपन्या गुरुवारी बंद, रविवारी चालू. म्हणे नियम आहे. भिंतीबाहेरून तिचा आवाज ऐकू येतो का बघितलं. सगळी पोरं एका सुरात ओरडत होती, काय कळणार.

९ डिसें., मंगळ.
परत पाऊस!
ठेकेदार आण्णा सगळ्यांसमोर, "तुझी बहीण कलेक्टर हाय का रं, सारखं बोलावणं येतंय?" सगळे हसले.
गेलो. सातचा पाढा विचारला, सात चोकच्या पुढं गाडी जाईना. तिच्या वर्गाच्या मनीषाताई म्हणतात, आधी लेकरू रुळू द्या, पाढे कुठं पळून जात नाहीत. पाढे नाही पळणार, माझी नोकरी पळेल.
पूजीला बाजूला घेऊन दम दिला. उद्यापासून चिमटा उन्हावर. परत पावसावर दिसला तर गावी आत्याकडं. मान हलवली.

२३ डिसें., मंगळ.
फोन नाही. रोज ऊन म्हणे. आण्णा गप. सुटलो एकदाचा.

६ जाने., मंगळ.
शिफ्ट सुटल्यावर ताईंचा फोन. चिमटा रोज उन्हावर, पण पोरगी जेवण ताटात तसंच टाकते. अंथरूण ओलं होतं. नखाच्या बाजूची कातडी चावून रक्त काढलंय.
"तुम्ही तिला काही बोललात का, दादा?"
व्हय म्हणालो. वाटलं आता झापतील. झापलं नाही. त्याचाच जास्त राग आला. विलास म्हणाला, भावा, गावी धाड. तिथं कोण बघणार? आत्या पुढच्या साली कोयता हातात देईल.

१५ जाने., गुरु.
ताईंनी आज मला आत घेतलं. वॉचमन बघतच राहिला.
पूजी शेजारी बसली. मीच विचारलं, तेव्हा पावसावर का लावायचीस? लाडू तर खात होतीस.
"पावसावर लावलं की तू येतोस."
एवढंच म्हणाली आणि माझ्या बोटावरचा ग्रीसचा डाग खरवडत बसली.
हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही. आणि शाळेच्याही आलं नाही, एवढी मनं विचारतात ते.
ताई म्हणाल्या, दर गुरुवारी अर्धा तास या, फाटकावर मी सांगते. पण जमणार नसेल तर तिला शब्द देऊ नका. दिला मी शब्द. तोंडातून गेला.

२१ जाने., बुध.
आण्णाचा मेसेज. माल अडकलाय, उद्या गुरुवार असला तरी सगळ्यांनी ओव्हरटाइमला यायचं. न्हाई आला त्यानं पुन्हा गेटवर येऊ नये.
लगेच ताईंचा फोन. पूजीनं आज चिमटा कुठंच लावला नाही. दिवसभर मुठीत धरून होती. जेवली मात्र, ताट साफ. उद्या दादा आला की बघून लावते म्हणाली.
ताईंना बघतो म्हणालो.
आण्णालाही तेच टाइप केलंय, बघतो. अजून पाठवलं नाही.