तिसऱ्या तुकड्यावर जोर

इंदिरानगर, मंगळवार, १२ मार्च ९६

डॉक्टरांनी मला एकटीलाच आत बोलावलं. बाबांची जेवढी नजर गेली आहे, ते नुकसान इरिव्हर्सिबल आहे म्हणाले. हे मराठीत बाबांना सांगायचं कसं? शिवाजीनगरहून येताना रिक्षात तोच इंग्रजी शब्द मनात घोळवत बसले. बाबा रिक्षावाल्याला सारखे कानडीत ‘स्वल्प निधान’, जरा हळू, म्हणत होते. समोरचं दिसत नव्हतं ना.

घरी चहा ठेवला तेव्हा त्यांनी विचारलंच. “काय म्हणाले?”

“इरिव्हर्सिबल.” घाईत म्हटलं, पहिल्याच अक्षरावर जोर देऊन.

बाबा टेबलावर बोटाने ठोके देऊ लागले, लहानपणी मला शब्द शिकवताना द्यायचे तसेच. इ, रि, व्हर, सि, बल. “जोर तिसऱ्यावर. पुन्हा म्हण.”

चिडलेच मी. उच्चार सुधारायची ही वेळ आहे? की त्यांना अर्थच कळला नव्हता? पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. परत तेच बोट, परत तिसरा ठोका जोरात. मग एकदाचा बरोबर आला.

“हं,” बाबा म्हणाले. “आता आई बाजारातून आली की तिला मराठीत सांग. मला नाही जमणार.”

तेव्हापासून मराठी शब्द शोधतेय. बाबांचं बोट अजून टेबलावरच आहे, ठोके थांबलेत.

फाटक वाजलं.