कोऱ्या बाटलीतला झिंगा

प्रिय दादा,

मागच्या आठवड्यातल्या सभेत तू उभा राहिलास तेव्हा मला वाटलं, माझी बाजू घेतोयस. इतकी वर्षं तुला ओळखूनही मी एवढी भाबडी कशी, देव जाणे. "पोरगी प्रामाणिक आहे हो, पण घाबरट. हातमोजे घालायला विसरली असेल," असं म्हणून तू हसलास. तू, तलावाचा देखरेखप्रमुखच, हसलास म्हटल्यावर माझे साहेबही हसले, आणि माझा अहवाल बाद झाला.

हातमोजे मी विसरत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? शाळेत जायच्या आधी दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तूच मला शिकवलंस. एक गणित चुकलं की तू अख्खं पान पुन्हा करायला लावायचास. आजही मी कुलूप तीनदा ओढून पाहते, ती तुझीच विद्या.

आमचं काम ऐकताना तुला जांभई येते, तरी सांगते. परदेशी नांगीवाला झिंगा तलावात शिरला की माशांची अंडी फस्त करतो, काठ पोखरतो. तो डोळ्यांना दिसेपर्यंत फार उशीर होतो. पण प्रत्येक जीव पाण्यात आपला अंश सोडत असतो. ते पाणी गाळून त्यातल्या डीएनएवरून आम्ही तो ओळखतो. सोबत शुद्ध पाण्याची एक कोरी बाटली तलावापर्यंत नेऊन आणायची. तिच्यात काही सापडलं तर दोष आमच्या हाताळणीचा. त्या दिवशी झिंगा तलावाच्या पाण्यात सापडला आणि कोऱ्या बाटलीतही. साहेब म्हणाले, "बाई, पर्समध्ये झिंगे पाळता का?"

सभेनंतर मी एकेक पायरी आठवत बसले. तलावावर जाताना तुझ्याकडे चहाला थांबले होते आणि बाटल्यांची पेटी तुमच्या मागच्या बेसिनमध्ये धुतली होती. रविवारी तू नसताना पुन्हा आले. वहिनी अगदी सहज म्हणाली, "ते निळे, नांगीवाले झिंगे ना? त्यांची काचेची टाकी हे तिथेच धुवायचे. सुट्टीला जायचं होतं, खायला कोण घालणार? दिले तलावात सोडून. म्हणाले, बिचारे मोकळे होऊ देत."

बिचारे म्हणे. कुंपणानेच शेत खायचं आणि वर दया दाखवायची. झिंगे सोडलेस तो मूर्खपणा, तो एक वेळ समजू शकते. पण सगळं माहीत असून भर सभेत आपला चिखल धाकट्या बहिणीच्या हातांना पुसलास. तुला भित्रा म्हणावं, तर मी स्वतः भित्री आहे. माझ्या जातीत तुला घेणार नाही.

नवी पेटी, नव्या बाटल्या घेऊन मी पुन्हा पाणी आणलं. झिंगा तलावाच्या पायऱ्यांजवळ आहे, तुमच्या बेसिनच्या नळीत आहे; शुद्ध पाण्यात या वेळी काही नाही. उद्या दहा वाजता अहवाल देणार आहे. पहिली चूक माझीच लिहिली आहे: पेटी प्रयोगशाळेबाहेर धुतली. त्यापायी नोकरी जाईलही. त्याखाली तुझं नाव आहे. समोर येऊन सांगितलं तर तू आईला मध्ये घालशील, म्हणून हे पत्र वहिनीच्या हाती ठेवून जातेय. दहाच्या आत स्वतः येऊन कबूल केलंस, तर तसं नमूद करीन. नाव मात्र राहील.

नाइलाजाने, तरी तुझीच,
धाकटी